बाजू नसलेला लकवा

श्रावणातला सोमवार. सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी कॅज्युअल्टीच्या दारात पिकअप येऊन थांबली. मागच्या हौद्यात गादी टाकून आणलेले ५८ वर्षांचे शेतकरी. घरचे सगळे त्यांना आप्पा म्हणत होते, म्हणून मीही तेच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत. गाव बोरी नदीच्या काठचं, अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं. कोरडवाहू कापूस, दोन म्हशी, सहा वर्षांपासून बीपीची गोळी आणि तीही रोज नाही. सोबत बायको, मुलगा, पुतण्या. काकू गाडीतून उतरता उतरताच म्हणाल्या, "लकवा मारी गया, डॉक्टरसाहेब. तोंड वाकडं व्हई गयं."

पुतण्याच्या हातात गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. बीपी १८०/११०, बोलणं अडखळतंय, स्ट्रोकची शंका, सीटी तातडीने करा. त्या चिठ्ठीला मी नावं ठेवणार नाही. एका खोलीच्या दवाखान्यात, हातात बीपीचं मशीन आणि टॉर्च एवढंच असताना, ज्याने लकव्याची शंका येताच पेशंट दहा मिनिटांत पुढे काढला त्याने आपलं काम केलं. स्ट्रोकमध्ये वेळ म्हणजे मेंदू. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, हे आता खेड्यापाड्यात पोचलंय आणि त्यासाठी पुष्कळ लोकांनी वर्षानुवर्षं जीव पाखडलाय. घरच्यांना आमच्याकडून फक्त १०८ हवी होती, धुळ्याला न्यायला.

मीही तेवढंच करणार होतो. हे प्रकरण लिहितोय ते त्यासाठीच.

आदल्या दिवशी त्यांच्या घरी कानबाई बसली होती. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. खानदेशात हा सण ज्याने पाहिलाय त्याला त्या घराची अवस्था सांगायला नको. भाऊबंद सगळे एका छताखाली. पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. रात्री गाणी, जागरण. सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर. घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणून आप्पांनी खाट पाहुण्यांना दिली आणि रात्री दीडच्या सुमाराला गोठ्याला लागून असलेल्या मागच्या खोलीत सतरंजी टाकून जमिनीवर आडवे झाले. शेजारी नऊ वर्षांचा नातू.

पहाटे चारला पोटात कळ आली. दोनदा उलटी झाली. घरच्यांनी ओवा-मीठ दिलं; पुरणपोळी जास्त झाली, दुसरं काय. सहाला पापण्या जड दिसू लागल्या. काकूंचं म्हणणं, "रातभर जागा व्हतात, म्हनीसन डोया जड व्हयनात." साडेसहाला जीभ जड झाली. चहा प्यायला दिला तर घोट नाकातून परत आला. आणि मग बीपी मोजलं गेलं, ते वाढलेलं निघालं, आणि बीपीवाल्या माणसाची जीभ जड झाली की खेड्यात त्याला एकच नाव आहे.

पोटदुखीला जेवण कारण, पापण्यांना जागरण कारण, जिभेला बीपी कारण. प्रत्येक लक्षणाला आपापलं पटेल असं कारण होतं. ही सगळी लक्षणं एकाच माणसाला साडेतीन-चार तासांत ओळीने झालीत, असं ती एका सुतात ओवून कोणी पाहिली नव्हती. मीही नाही.

आमच्याकडचं पहिलं टिपण असं: बीपी १७४/१०४, नाडी ११२, श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन ९६ टक्के, ताप नाही, शुगर १४८. शुगर आम्ही दारातच बघतो, लकव्याच्या प्रत्येक पेशंटची, नातेवाईक काहीही सांगोत. ती उतरलेली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. सिस्टरनी पुढे लिहिलं: डोळे उघडत नाही, ग्लानीत. मी चेहरा, हात, बोलणं पाहिलं. बोलणं घोगरं, नाकातलं, अर्धं कळत नव्हतं. हात वर धरायला लावले, ते खाली आले. चेहरा हसत नव्हता. स्ट्रोकच्या तपासणीतल्या तिन्ही प्रश्नांपुढे मी 'हो' लिहिलं. १०८ ला फोन लावला. धुळ्याला सांगून ठेवायला दुसरा फोन लावला. तिथून विचारलं, "शेवटचे धडधाकट कधी पाहिले होते?" रात्री दीड. म्हणजे झोपेत झालेला स्ट्रोक, साडेचार तास सकाळी सहालाच उलटून गेलेले. "या घेऊन, बघू," असं उत्तर आलं.

या सगळ्यात नऊ मिनिटं गेली. त्या नऊ मिनिटांत आप्पा स्ट्रेचरवर उताणे, सपाट पडलेले होते आणि घशात लाळ साचत होती. सिस्टरनी दोनदा सक्शन केलं. ते मी पाहत होतो, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरत नव्हता.

नंतर मी परत जवळ गेलो, वजन विचारायला. काकू वजन आठवत होत्या, तेवढ्यात मी सवयीने म्हणालो, "आप्पा, माझा हात दाबा." दाबला. "सोडा." सोडला. "दोन बोटं दाखवा." दाखवली. ग्लानीतला माणूस हे करत नाही. मी म्हणालो, "डोळे उघडा." त्यांचं कपाळ आक्रसलं, भुवया वर चढल्या, मान मागे गेली, पण पापण्या जेमतेम रेघभर हलल्या. मग त्यांनी उजवा हात सावकाश चेहऱ्यापर्यंत नेला, तर्जनीने स्वतःची उजवी पापणी वर उचलली आणि त्या उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

तो डोळा पूर्ण शुद्धीवर होता. त्यांना डोळे उघडायचे होते, पण पापण्या उचलल्या जात नव्हत्या. 'डोळे उघडत नाही' आणि 'उघडता येत नाहीत' यातला फरक आमच्या कागदावर कुठेच नव्हता.

मी पहिल्यापासून पुन्हा तपासायला लागलो. तोंड वाकडं नव्हतंच. दोन्ही बाजू सारख्याच सैल, ओठ फुगवता येत नव्हते, कपाळावरच्या आठ्या मात्र शिल्लक. 'लकवा' म्हटलं की वाकडं तोंड त्या शब्दाबरोबरच येतं. काकूंनी ते पाहिलं नव्हतं, धरून चालल्या होत्या, आणि मीही. हात दोन्ही खाली आले होते, एकच नाही. बुबुळं डावी-उजवीकडे पुरती फिरत नव्हती, दोन्हीही. जीभ दातांबाहेर येईना. उशीवरून डोकं उचलायला सांगितलं तर उचलता येईना, हातापायांत बऱ्यापैकी जोर असूनही. टाचणीचा स्पर्श सगळीकडे सारखा कळत होता. तळपायावर चावी ओढली, अंगठा खाली वळला, जसा निरोगी माणसाचा वळतो. दुर्बलता वरून खाली येत होती: पापण्या, बुबुळं, घसा, मान, आता खांदे.

लकव्याला बाजू असते. मेंदूच्या एका भागाचं रक्त थांबलं की त्या भागाच्या ताब्यातली एक बाजू जाते. बहुतेक वेळा हात-पाय-चेहरा एकीकडचे. मेंदूच्या देठातला स्ट्रोक दोन्ही बाजू घेऊ शकतो, पण मग शुद्ध, तोल, संवेदना, तळपायाचं वळणं यांतलं काहीतरी सहसा बिघडतं. इथे यातलं काहीच नव्हतं. या माणसाचा मेंदू धड होता, नसाही धड होत्या. बिघाड नस आणि स्नायू जिथे जुळतात त्या सांध्यावर होता.

"एका दमात मोजा आप्पा. एक, दोन, तीन... श्वास न घेता." अकरावर थांबले. धडधाकट माणूस तिसाच्या पुढे सहज जातो.

मग मी तो प्रश्न विचारला जो ८ वाजून ६ मिनिटांनी विचारायला हवा होता: "रात्री झोपले कुठे होते?"

मण्यार हे नाव मी काढलं तेव्हा मुलगा जवळजवळ रागावला. "साप चावला असता तर कळलं नसतं का? रक्त आलं असतं, सूज आली असती." त्याचं चुकत नव्हतं; घोणस किंवा फुरसं चावलं की आपल्याकडे असंच दिसतं, आणि नाग चावला तरी जागा सुजते, काळवंडते. मण्यार वेगळी. ती रात्री फिरते, झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, कूस बदलताना अंगाखाली आली की चावते. तिचे दात बारीक आणि आखूड. दुखत नाही म्हटलं तरी चालेल, सूज नाही, खूण डास चावल्याएवढी किंवा तीही नाही. पुष्कळांना जागही येत नाही. पहाटे जाग येते ती पोटातल्या कळेने. पावसाळा, जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटेची पोटदुखी आणि मग मिटत जाणाऱ्या पापण्या, हे चार एकत्र आले की साप दिसला नसला तरी ती मण्यारच समजायची, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मला ते पाठ होतं. पण बीपीचा आकडा आणि हातातली चिठ्ठी यांच्यापुढे ते पाठांतर मागे पडलं.

बीपीबद्दल इथेच सांगतो, कारण माझी खरी फसगत त्यानेच केली. मण्यारीच्या विषाने नाडी आणि रक्तदाब वाढतात. स्वायत्त मज्जासंस्थेवर परिणाम होतो म्हणून. म्हणजे १८०/११० हे आजाराचं कारण नव्हतं, तेही विषाचंच लक्षण होतं. आधीपासून बीपी असलेल्या माणसात ते ओळखू येणं अवघड. पण एवढं तरी मी शिकलो की वाढलेला आकडा लकव्याचा पुरावा होत नाही.

आम्ही आप्पांचं सगळं अंग उजेडात पाहिलं. डाव्या कोपराच्या मागे एक लाल ठिपका होता. तो दंशच होता असं मी आजही छातीठोक म्हणणार नाही. रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटं ठेवलं, नीट गोठलं. यावरून साप नाही असं ठरत नाही. रक्त न गोठणं ही घोणस-फुरशाची खूण, मण्यारीत रक्त गोठतंच. पण कित्येकदा ही नळी गोठली म्हणून सर्पदंशाचा विचार तिथेच सोडला जातो.

आणखी काय असू शकतं याचा हिशेब मी डोक्यात करत होतो. कपाशीवर शुक्रवारी फवारणी केली होती, असं पुतण्याने सांगितलं. फवारणीच्या औषधाची बाधा झाली की एक ते चार दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, त्यामुळे हा धागा सोडण्यासारखा नव्हता. पण त्याआधी लाळ, घाम, जुलाब, टाचणीच्या डोक्याएवढ्या बाहुल्या असा तमाशा व्हायला हवा होता. शुक्रवारपासून रविवार रात्रीपर्यंत आप्पा ठणठणीत, कानबाईचा मांडव त्यांनीच बांधलेला. आणि आताची लाळ जास्त सुटत नव्हती, गिळता येत नव्हती म्हणून साचत होती. अन्नातून होणारी बोटुलिझमची विषबाधा पापण्यांपासूनच सुरू होते, पण त्याच पंगतीत जेवलेली शंभर माणसं नदीवर नाचत होती. मायस्थेनिया हा स्नायू थकवणारा आजार असा चार तासांत होत नाही, नसा ढिल्या पाडणारे गियाँ-बारेच्या जातीचे आजार दिवस घेतात. राहिला देठातला स्ट्रोक. तो मी पूर्ण बाजूला सारला नव्हता, आणि सीटी करायचाच होता. प्रश्न एवढाच होता की आधी काय.

८ वाजून २८ मिनिटांनी सर्पविषावरच्या लसीच्या १० कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. चाचणीचा डोस देत नाहीत. त्याने रिॲक्शनचा अंदाज येत नाही, वेळ मात्र जातो. एकीकडे अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून आणि निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम स्नायूत दिलं. नाग असेल तर याने पापण्या उघडतात. सिस्टरनी कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी पापणीशेजारी धरून मोजलं: आधी २ मिलिमीटर, वीस मिनिटांनी ३, चाळीस मिनिटांनी परत २. म्हणजे फरक नाहीच. तेही मण्यारीकडेच बोट दाखवत होतं. नागाचं विष स्नायूच्या बाजूचं कुलूप अडवून बसतं, म्हणून किल्ल्या वाढवल्या की काहीतरी उघडतं. मण्यारीचं विष नसेच्या टोकालाच, जिथून निरोप सुटतो तिथेच, नासधूस करतं. निरोप निघतच नाही.

लसीचं काम समजून घेतलं नाही तर अशा वेळी नातेवाईकच नव्हे, डॉक्टरही धीर सोडतात. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. एक मिलिलिटर लस मण्यारीचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करते. पण ती रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. नसेच्या टोकात आधीच घुसलेल्या विषाला ती उपटून काढू शकत नाही. त्यामुळे लस चालू असतानाही लकवा खाली उतरत जाऊ शकतो, आणि एकूण २० कुप्यांच्या पुढे ओतत राहून काही मिळत नाही. नसांची टोकं पुन्हा उगवतात, त्याला दिवस लागतात. तोवर माणसाचा श्वास आपण चालवायचा. मण्यारीत माणूस वाचतो तो श्वासामुळे.

लस सुरू झाल्यावर बारा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या. लस थांबवली, मांडीत अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम, दहा मिनिटं थांबून पुन्हा हळू सुरू. हे अपेक्षित असतं आणि औषध आधी भरून ठेवलं असेल तर घाबरण्यासारखं नसतं.

९ वाजून १० मिनिटांनी एका दमातला आकडा सहावर आला. ऑक्सिजन अजून ९५ दाखवत होता. इथे मला सगळ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की बोटावरच्या त्या यंत्रावर विसंबू नका. श्वासाचे स्नायू थकतात तेव्हा ऑक्सिजनचा आकडा सगळ्यात शेवटी पडतो, आणि पडतो तो एकदम. मोजलेले अंक, उशीवरून न उठणारं डोकं, घशातली गुडगुड, हे आधी सांगतात. त्या दिवशी सिझेरियनसाठी बाहेरून आलेले भूलतज्ज्ञ सुदैवाने ऑपरेशन थिएटरमध्येच होते. त्यांनी नळी घातली. घालण्याआधी ते आप्पांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आप्पा, तुम्हाला श्वास घ्यायला त्रास होतोय, नळी घालतोय, आता मशीन श्वास देईल. तुम्ही झोपा." एवढी लगबग चालू असताना हे सांगायचं त्यांना सुचलं.

१०८ मध्ये व्हेंटिलेटर होता. मी सोबत गेलो. पाऊण तासाच्या रस्त्यात मला एकच चित्र दिसत होतं: आम्ही त्यांना ८ वाजून १५ मिनिटांनी तसंच काढलं असतं, नळीशिवाय, सपाट झोपवून. ९ च्या सुमाराला ते सीटीच्या मशीनखाली एकटे असते, काचेपलीकडे तंत्रज्ञ. डोळे मिटलेले, म्हणजे झोपलेत. हालचाल नाही, म्हणजे लकवा आहेच. सीटी सुरेख आली असती, पूर्णपणे नॉर्मल, आणि सुरुवातीच्या तासांत गुठळीच्या स्ट्रोकमध्येही सीटी बरेचदा नॉर्मलच असते, त्यामुळे कोणाला शंका आली नसती. आणि मशीनमधून बाहेर काढलं तेव्हा श्वास थांबलेला असता. स्ट्रोकसारखे दिसणारे आजार चुकून स्ट्रोक ठरवले तर गुठळीच्या इंजेक्शनाने रक्तस्राव होईल ही भीती लोकांना असते. ती आहे, पण लहान आहे. मोठं नुकसान होतं ते खऱ्या आजाराचं घड्याळ चालू असताना आपण दुसऱ्याच घड्याळाकडे पाहत राहिल्याने.

धुळ्याला सीटी नॉर्मल आली. लसीच्या आणखी १० कुप्या दिल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आप्पा पूर्ण लुळे पडले होते: बोट हलत नव्हतं, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नव्हता, बाहुल्या मोठ्या आणि टॉर्चलाही स्थिर. ही अवस्था हुबेहूब मेंदू मेल्यासारखी दिसते. ती तशी नसते. मण्यारीत बाहुल्यांचे स्नायूही लुळे पडतात, माणूस आत जागा असू शकतो. ज्याला हे माहीत नाही तो या क्षणी नातेवाइकांना बाहेर बोलावून 'आता काही राहिलं नाही' म्हणेल, आणि घरचे कर्ज काढायच्या आत पेशंट घरी नेतील. तिथल्या डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी पलंगाच्या डोक्याशी कागद चिकटवला होता: यांना सगळं ऐकू येतं. तरी तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या कोणा भाऊबंदाने पायथ्याशी उभं राहून तेराव्याचा खर्च काढलाच.

चौथ्या दिवशी पायाचा अंगठा हलला. सहाव्या दिवशी नळी निघाली. अकराव्या दिवशी सुटी. आवाज फुटल्यावर आप्पा पहिल्यांदा मुलाला म्हणाले, "माले समदं ऐकू येत व्हतं," आणि त्या भाऊबंदाचं नाव घेतलं.

रुग्णालयात नुसता शोध घेतला तर लकव्यासारखं दिसणारं दर महिन्याला काही ना काही सापडतं. सगळ्यात जास्त सापडते ती उतरलेली शुगर: शुगरची ग्लिमेपिराइड गोळी घेणारा म्हातारा माणूस, दोन दिवस जेवण नाही, मूत्रपिंड थोडं थकलेलं, आणि सकाळी उजवी बाजू गेलेली, अगदी खऱ्या लकव्यासारखी बाजू धरून. ५० मिलिलिटर डेक्स्ट्रोज जाता जाता हात हलायला लागतो. त्याला लगेच घरी सोडू नये; गोळीचा असर दिवसभर राहतो आणि शुगर पुन्हा पडते. फीट येऊन गेल्यावर काही तास एक बाजू ढिली राहते. तिथे प्रत्यक्ष पाहणाऱ्याला गाठून विचारावं लागतं की आधी हात झटकले होते का. नुसतं तोंड वाकडं आणि त्या बाजूचा डोळाही मिटत नाही, आठ्याही पडत नाहीत, हात-पाय उत्तम, तर ती चेहऱ्याची नस. मेंदूचा लकवा कपाळ सोडतो. सोडियम उतरलेलं, जुन्या लकव्यावर लघवीचा संसर्ग होऊन जुनीच बाजू पुन्हा ढिली पडलेली, अर्धशिशी. यातल्या कशासाठीही खऱ्या स्ट्रोकला उशीर करायचा नाही, हे मी तेवढ्याच जोराने सांगतो. दारात आलेला लकवा हा लकवा समजूनच धावायचं. पण धावताना शुगर, बाजू, मान आणि 'झोपले कुठे होते' एवढं बघायला तीन मिनिटं लागतात. आमच्याकडे स्ट्रोकच्या कागदावर आता हे चार चौकोन शाईने आखून घेतलेत, आणि 'डोळे उघडत नाही' याच्या शेजारी 'की उघडता येत नाहीत?' असं सिस्टरनीच लिहून ठेवलंय.

सर्पदंशाने देशात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राचा राष्ट्रीय आराखडा आला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचं उद्दिष्ट ठेवून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं गेलं. चांगलं झालं. पण जो सर्पदंश लकवा म्हणून सीटीच्या खोलीत संपला, त्याची नोंद लकव्यातच होणार.

एक गोष्ट मागे राहिली. आप्पांची लस सुरू करून मी हात धुवायला वळलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "सर, तो नातू?" मी नातवाला विसरलो होतो. एकाच अंथरुणात शिरलेली मण्यार एकाहून जास्त जणांना चावू शकते. मुलाने घरी फोन लावला तर घरात कोणी नाही, सगळे नदीवर. दुसरा फोन, तिसरा फोन. शेवटी वाजंत्र्याच्या आवाजात कोणीतरी उचलला. नवे कपडे, कपाळाला गुलाल अशा अवस्थेत मोटारसायकलवर मधे बसवून त्याला आणलं. त्याला काहीच झालेलं नव्हतं. २४ तास वॉर्डात ठेवला, दर तासाला पट्टीने पापणी मोजली, रात्री सिस्टर त्याला उठवून उठवून मोजायच्या म्हणून तो रडला. रडता रडता त्याने सांगितलं की रात्री आप्पांनी झोपेतच डावा हात जोरात झटकला होता आणि तो त्याला लागला होता. हे त्याला सकाळपासून कोणी विचारलंच नव्हतं.

साप सापडला नाही. घरच्यांनी मागच्या खोलीतल्या पऱ्हाटीच्या मोळ्या बाहेर काढल्या, भिंतीतलं उंदराचं बीळ लिंपलं. खाट परत आप्पांना मिळाली, आणि मच्छरदाणी, तिच्या कडा गादीखाली खोचून. मण्यारीविरुद्ध याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आप्पा चालत कॅज्युअल्टीत आले. टोपी काढून स्ट्रेचरच्या कडेवर बसले, त्याच. मी म्हणालो, "मोजा एका दमात." ते मोजायला लागले, वीस झाले, पंचवीस झाले, काकू दारातून बोट धरून मोजत होत्या. छत्तीसला थांबले, हसले आणि म्हणाले अजून जमलं असतं.